हात कुठे थांबवावा

मार्च सरला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. नंदनवनातल्या एका घरी ते काम धाकट्या मुलाकडे असे. जुन्या ताट्या काढायच्या, नवी खस भरायची, पंप तपासायचा. प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. कारागिराचे पैसे वाचत आणि पोराचा हातही बसत गेला.

मागच्या उन्हाळ्यात ताईचा लॅपटॉप तापून बंद पडू लागला. वॉरंटी संपलेली होती. अजनीच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले मामा शेजारी बसले आणि त्यांनी भाच्याकडूनच काम करून घेतलं. चार्जर काढला. तळाचे स्क्रू ज्या क्रमानं निघाले, त्याच क्रमानं कागदावर मांडले. बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर गोधडीसारखा बसला होता. पातं बोटानं धरून मुलानं तो ब्रशनं काढला. लॅपटॉप गार चालू लागला.

यंदा मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला आणि लॅपटॉप पुन्हा तापू लागला. ताईची परीक्षा तोंडावर आलेली. बाबा म्हणाले, "बर्डीवरच्या दुकानात दाखवून आणू." मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयारच होता. "काऊन पैसे घालवायचे? मागच्या साली मीच सुधरवला ना!"

मामांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, तर तो डगमगला. टचपॅड एका बाजूनं वर आलेलं, दाबलं तरी दबेना. त्यांनी तिथल्या तिथं चार्जर काढून लॅपटॉप बंद करायला लावला.

"बाबू, ही धूळ नाही, बॅटरी फुगली आहे. लिथियमची बॅटरी खराब झाली की आत वायू साठतो. उचकटताना तिला टोक लागलं तर पेट घेऊ शकते."

"पण मामा, मला जमते ना आता."

"जमते, म्हणूनच सांगतो. मागच्या साली चुकला असता तर फार तर पंखा बदलावा लागला असता. आज चुकला तर हात भाजंल. काम हाती घेण्याआधी एवढंच पाहा, चुकलं तर निस्तरता येईल का?"

मुलानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. आता बाबांना दुकानात फसवणूक होण्याची धास्ती वाटू लागली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. दुरुस्ती आणि वॉरंटीबद्दल अनेक कंपन्यांची माहिती तिथं एकत्र मिळते. ताईनं मोबाइलवर तेच उघडलं आणि कंपनीचं अधिकृत केंद्र शोधलं. केंद्रावर मुलानं तक्रार स्वतः लिहून दिली: बॅटरी फुगली आहे, डेटा पुसायचा नाही. खर्चाचा अंदाज आधी घेतला. नव्या बॅटरीचं पक्कं बिल आणि वॉरंटी घेतली. जुनी बॅटरी कचऱ्यात न जाता ई-कचऱ्यात जाईल, याचीही खात्री करून घेतली.

लॅपटॉप परीक्षेआधी घरी आला. पंख्याची धूळ मात्र आजही तोच मुलगा काढतो.

तात्पर्य: जिथं चूक निस्तरता येते तिथं स्वतःचा हात जरूर चालवावा, त्यानंच माणूस शिकतो. जिथं ती निस्तरता येत नाही तिथं जाणत्याकडे जावं. त्यात कमीपणा नाही.