घंटा वसईची, देऊळ मेणवलीचं

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं, की डोंगरीच्या पुढे चौक गाव येतं. तिथल्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. मुंबईतल्या धारावीशी त्याचं काही नातं नाही, पण नावामुळे घोटाळा होतोच. किल्ला म्हणण्यासारखं फार उरलेलं नाही. चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, खाली खाडीचं तोंड आहे आणि पलीकडे वसई. वसईला समुद्रातून येणारी रसद इथून अडवता यायची. म्हणूनच चिमाजी आप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या 1737 ते 1739 च्या मोहिमेत या टेकडीसाठी एवढी माणसं झुंजली.

मे 1739 मध्ये वसई पडली. विजयी मराठा फौजेने चर्चच्या घंटा उतरवून देशावर नेल्या. एक भीमाशंकरला टांगली गेली, एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल आहे आणि मेरीची आकृतीही. कुणी ती घासून काढली नाही.

कला फक्त आनंदासाठी असते का, हा वाद या घंटेपाशी उभं राहून घालावा. घंटा ओतणं ही कारागिरी. तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील, आणि काठाची जाडी जरा चुकली की सूर बसत नाही. ओतणाऱ्याने जीव ओतला तो सुरासाठीच. पण ती घडवून घेणाऱ्यांना मैफल नको होती, प्रार्थनेला माणसं यायला हवी होती. फौजेला ती विजयाची खूण वाटली. आज घाटावर आलेला माणूस ती महादेवाची म्हणून ऐकतो. तीनदा हेतू बदलला. नाद तोच राहिला.

मराठीत हा वाद ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या नावांनी गाजला. ना. सी. फडके एका बाजूला, वि. स. खांडेकर दुसऱ्या. दोघांचंही बरंच आयुष्य कोल्हापुरात गेलं, ही त्यातली गंमत. फडक्यांना कथेच्या तंत्राची आणि रंजनाची चाड, खांडेकरांना समाजाची तळमळ. वाचकांनी मात्र बाजू न घेता दोघांनाही डोक्यावर घेतलं. वाचनालयात फडक्यांची कादंबरी परत करून खांडेकरांची घेणाऱ्याला त्यात काही विसंगती वाटत नसे.

हा प्रश्न जुनाच आहे. अकराव्या शतकातल्या काश्मिरी मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजनं सांगितली. कीर्ती आणि पैसाही त्यात आहेत. माणूस व्यवहारी असावा. अमंगळाचा नाश आहे, तत्काळ मिळणारा परमानंद आहे आणि शेवटी उपदेश. पण हा उपदेश राजाज्ञेसारखा नाही, प्रिय पत्नीने लाडीगोडीने गळी उतरवावा तसा. म्हणजे आनंद बाजूला सारून बोध होत नाही, तो आनंदातूनच आत शिरतो.

ते कळण्यात सरकारं समीक्षकांपेक्षा हुशार निघतात. कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, सगळ्यांना पाठ. पण कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन ओळखला, छळ सोसणाऱ्या द्रौपदीत देश, भीमात जहाल आणि धर्मराजात मवाळ. टिळकांनी अग्रलेखात लिहायचं ते इथे तिकीट काढून, टाळ्या वाजवत ऐकलं जात होतं. नाटक कंटाळवाणं असतं, तर मुंबई सरकारने तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. 1910 मध्ये त्यावर बंदी आली.

तेव्हा आनंदापलीकडे कलेला प्रयोजन आहे का? आहे, पण ते कलावंताने एकदाच ठरवून कुलूप लावावं असं नाही. कर्झन गेला, वसईचे पोर्तुगीज गेले. त्यांच्यासोबत त्या त्या वेळचे हेतूही गेले. ज्यांच्यात रंजनाचा कस होता त्या वस्तू मागे राहिल्या आणि नव्या लोकांनी त्यांना नवी कामं दिली. फडके इथे अर्धे बरोबर ठरतात, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी खांडेकर लागतात.

मेणवलीला बहुतेक लोक नाना फडणविसांचा वाडा बघून परत फिरतात. कृष्णेच्या घाटापर्यंत काही पायऱ्या जास्त उतरा आणि घंटेवरची मेरी नीट बघून घ्या.