न घडलेल्या ठोक्याचे चित्र

छायाचित्र घेताना ‘हलू नका’ असे बजावता येते. हृदयाला मात्र ही आज्ञा करता येत नाही. १९७१ साली लंडनमध्ये सी. टी. यंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले ते मेंदूचे. कवटीतील त्या स्थिर अवयवाला यंत्राचा संथपणा चालण्यासारखा होता. आजची वेगवान यंत्रे सुमारे पाव सेकंदात एक फेरा पुरा करतात; तथापि धडधडत्या हृदयापुढे तेवढा अवधीही पुष्कळ ठरतो. रक्तवाहिन्या दुहेरी दिसतात, कडा पुसट होतात, आणि क्वचित महारोहिणीची भिंत चिरल्याचा आभासही होतो.

यावर उपाय योजण्यात आला तो असा. ई. सी. जी.च्या आलेखावरून प्रत्येक ठोक्यातील ठराविक क्षण, बहुधा हृदय शिथिल असतानाचा, हेरावयाचा आणि त्या क्षणाची मापे जुळवून चित्र रचावयाचे. एम. आर. आय.मध्ये तर एका चित्रासाठी पुष्कळदा अनेक ठोक्यांची मापे गोळा करतात. शिवाय हृदयाची हालचाल गणिताने अजमावून चित्रातील पुसटपणा मागाहून कमी करता येतो.

मग अनेक ठोक्यांतून जुळवलेले हे चित्र नेमक्या कोणत्या ठोक्याचे? काटेकोरपणे बोलावयाचे तर कोणत्याच नव्हे. ते अनेक साक्षींवरून बांधलेले अनुमान होय. पण तेवढ्याने ते असत्य ठरत नाही. न्यायासनापुढेही घटना पुन्हा घडत नसते. तुटक जबान्यांवरूनच न्यायाधीश ती उभी करतो. उलट, पुसट चित्र तेवढे अस्सल असे मानणे हा भाबडेपणा आहे. तो पुसटपणा यंत्राची मर्यादा सांगतो, हृदयाचा दोष नव्हे.

खरा प्रश्न पुढेच आहे. एक ठोका दुसऱ्यासारखाच असतो, हे या रचनेमागचे गृहीत. अवेळी पडणारा ठोका चित्र बिघडवतो, म्हणून तो पुष्कळदा वगळला जातो. रक्तवाहिनीतील अडथळा पाहावयाचा असेल तर हे योग्यच. परंतु रुग्णाची व्यथा त्या चुकार ठोक्यातच असेल तर? सुबक चित्र जे सांगते ते खरेच असते. पण केवळ निवडलेल्या ठोक्यांपुरते.

म्हणून दुरुस्ती करणे हा अपराध नव्हे. ती झाल्याचे झाकून राहणे हा मात्र आहे. एखादी साक्ष अग्राह्य ठरवताना न्यायाधीशाने कारण लिहावे अशी अपेक्षा असते, आणि त्या कारणामुळेच वरिष्ठ न्यायालयाला निर्णय तपासता येतो. तद्वतच कोणता क्षण निवडला, किती ठोके वगळले, चलन गणिताने सुधारले काय, याची नोंद चित्रासोबत असावी. त्या चित्राच्या भरवशावर कोणी आपली छाती शस्त्रक्रियेसाठी स्वाधीन करणार असतो. त्याला सर्व गणित कळेलच असे नाही. पण त्याच्या वैद्याला ते तपासता आले पाहिजे, एवढा त्याचा अधिकार निर्विवाद आहे.