स्वतःला कमी गुण देण्याचं धाडस

साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळा रंगरंगोटीला लागते. पण तपासणारी शाळा स्वतःच असेल तर?

2015 साली देशभर सुरू झालेल्या ‘शाळासिद्धी’नं नेमकं हेच मागितलं. 7 क्षेत्रं, 46 मानकं. प्रत्येकापुढे शाळेनं आपली पातळी आपणच लिहायची, 1, 2 की 3, आणि त्यावरून सुधारणेचा आराखडा करायचा. त्यात ग्रंथालय, पाणी, स्वच्छतागृह दोनदा जोखतात: पुरेसं आहे का, आणि वापरण्याजोगं आहे का? पुस्तकांनी भरलेल्या कपाटाची किल्ली कायम मुख्याध्यापकांच्या खणात असेल, तर पहिल्या रकान्यात 3 लिहिताना हात कचरत नाही. कसोटी दुसऱ्या रकान्याशी लागते.

सिल्व्हासात, डोकमर्डीसारख्या भागात ही कसोटी आणखी अवघड. कारखान्यांमुळे ठिकठिकाणची माणसं इथं आलेली. कुणाच्या घरी वारली, कुणाच्या कोकणा, कुणाच्या भोजपुरी; शाळेचं माध्यम मात्र गुजराती, मराठी, हिंदी नाहीतर इंग्रजी. बाई ‘पाटी काढा’ म्हणतात, तेव्हा पहिलीतलं एखादं पोर शेजाऱ्याकडे बघून पाटी काढतं. लांबून पाहणाऱ्याला ते शहाणं, शिस्तीचं वाटतं. अशा वर्गाच्या अध्यापनापुढे 3 लिहिले की ते पोर हिशेबातूनच गळतं. उणीवच नाही, तर आराखडा कशाचा? 1 लिहिला, तरच पुढे मागता येतं: त्याची बोली जाणणारं माणूस वर्गात द्या.

मग शाळा 1 का लिहीत नाही? कमी गुण म्हणजे वरून विचारणा, ही धास्ती. खोट्या 3ला एकटे मुख्याध्यापक जबाबदार नसतात. तो मागणारे वरिष्ठही तितकेच वाटेकरी. आणि थोडे आपणही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचंच काम. पण बैठक कारखान्याच्या पाळीच्या वेळी ठेवली, तर आईची सही तेवढी वहीत पोचते, तिचं म्हणणं घरीच राहतं.

तेव्हा बैठक पाळी सुटल्यावर घ्यावी आणि जिथं 3 लिहिलेत, तिथं पालकांनी ‘दाखवा’ म्हणावं. वरिष्ठांनीही 1 लिहिणाऱ्या शाळेकडे आधी मदत धाडावी. नोटीस काय, नंतरही काढता येते.