बोलावणाऱ्याचे दायित्व

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने गुणी खेळाडूस कोणत्या तोंडाने बोलवावे? अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून उभारलेली मैदाने व परंपरा त्याच्यापाशी नाही. मग नसलेल्या सोयींचे आमिष दाखवावे काय? आम्हांस ते पाप वाटते. कारण विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे परत येत नाहीत. प्रभू येशूने आपल्यामागे येऊ पाहणाऱ्यास स्वतःचे बेघरपण आधीच सांगितले होते.

परंतु केवळ सत्य सांगून भागत नाही. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे प्राचार्य असलेल्या खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

साधने तुटपुंजी असणे हा दोष नव्हे. बोलावणाऱ्याने आपल्या पदरचे काय द्यावयाचे, हे आधी ठरवावे. मुलाचे हित अन्यत्र असेल, तर त्यास आशीर्वाद देऊन निरोप द्यावा. चषक महाविद्यालयाचा, लेकरू मात्र देवाचे.