आधी उपाली



अनुपियाच्या आमराईत शाक्य राजपुत्र तथागतांकडे प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली सोबत होता. राजपुत्रांनीच विनवले की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा गर्व उतरेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरे. नुसत्या उपदेशाने गर्व जात नाही, म्हणून बसण्याची जागाच बदलली गेली.

आता आपला मुलूख पाहा. वैतरणा खाडीतल्या वाढीव आणि वैतीपाड्याची माणसे वर्षानुवर्षे रेल्वेपुलावरून चालत स्टेशन गाठत आली. शिकणारी पोरेही त्यांतच. उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि तिथल्या नोकरदारांच्या मुलांसाठी वसाहतीत शाळा निघाल्या. त्या शाळांशी आपले भांडण नाही. पण एका पोराच्या वाट्याला वसाहतीतली शाळा आणि दुसऱ्याच्या वाट्याला गाडी यायच्या आत पूल ओलांडण्याची धास्ती, याला काय पूर्वजन्मीचे कर्म म्हणायचे? सरकारी पैसा कुणावर खर्चायचा, हे माणसेच ठरवतात. शेतकऱ्याच्या साऱ्यावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, हे जोतिरावांनी १८८२ सालीच हंटर कमिशनला सुनावले होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, अल्पसंख्याक संस्था वगळता, खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना दिल्या. उपाली राजपुत्रांच्या रांगेत बसला! फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम फिरवला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला सक्ती नाही. म्हणजे गरिबाने गरिबाच्याच शाळेत जावे. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. तरी हा हक्क आठवीपर्यंतच. नववीची फी कोण भरणार?

आणि आपण? १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी खंत बोलून दाखवली, ती आपण जयंतीला ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. आपल्यातला जो साहेब झाला, त्याचे पोर कॉन्व्हेंटात गेले की जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर गळते की नाही, हे तो विचारीत नाही. त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असावेत, असा कायदा आहे. तुमच्या गावात ते कोण आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली, हे येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर विचारा.