दवा, दुआ आणि आम्ही

लग्नाला तीन वर्षे झाली होती, त्या रमजानमध्ये आमचे सगळे रोजे पूर्ण झाले. एकही सुटला नाही. घरात चार बायका असल्या की कोणाचा रोजा कधी सुटला, कोण कधी नमाजला उभी राहिली नाही, हे कोणी न सांगताही सगळ्यांना कळते. म्हणून सत्ताविसाव्या रोज्याला इफ्तारच्या दस्तरखानावर खालांनी आमच्या पुढ्यात एक खजूर जास्त ठेवला आणि हळूच विचारले, "कुछ है क्या, दुलन?" सासूबाईंनी काहीच विचारले नाही. पण त्यांचा पाण्याचा पेला ओठांपाशी थांबला होता, तो आम्ही पाहिला.

काही नव्हते. पाळी आली नव्हती, एवढेच. आणि ती न येण्याचे कारण गोड बातमी नव्हे, आजार होता. शाळेत असल्यापासूनचा. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नसे. हनुवटीवर राठ केस उगवत. माहेरी अम्मी म्हणायच्या, "लग्न झालं की सगळं सुरळीत होईल." लग्न झाले, सुरळीत काही झाले नाही.

ईदनंतर आम्ही दोघे मिरजेला गेलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. आमच्या भागातला माणूस एक तर दर्ग्याला मिरजेला जातो, नाही तर डॉक्टरकडे. आम्ही दोन्ही केले. तेव्हापासून आमच्या आयुष्यात गोळ्या आल्या, आणि गोळ्यांमागोमाग काही प्रश्न आले. ते प्रश्न डॉक्टरला विचारता येत नाहीत आणि मौलाना साहेबांना विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून ते इथे मांडतो आहोत.

आधी आजाराविषयी. १९३५ साली शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेन्थॉल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत लिहून तो वैद्यकापुढे मांडला. पीसीओएस हे नाव आता खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. लोक त्याला 'अंडाशयातल्या गाठी' म्हणतात. पण सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारे ते काळे ठिपके खऱ्या अर्थाने गाठी नसतातच. दर महिन्याला अंडाशयात काही बीजकोश वाढू लागतात, त्यांतला एक पुढे जाऊन पिकतो आणि बीज बाहेर पडते. या आजारात ते वाटेतच थांबतात. ते थांबलेले बीजकोश म्हणजे हे ठिपके. अंगात इन्सुलिन आणि पुरुषी संप्रेरके यांचा तोल बिघडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना हा आजार असतो आणि त्यांतल्या बहुसंख्य जणींना तो आहे हे माहीतही नसते. आम्ही शाळेत हजेरी घेताना कधी कधी हा हिशेब मनात करतो. चाळीस मुलींचा वर्ग म्हणजे पुढेमागे चार-पाच जणी.

आता गोळ्या. पहिली मेटफॉर्मिन. ती मधुमेहाची गोळी. दुसरी पाळीच्या ठराविक पाच दिवसांत घ्यायची, लेट्रोझोल. तिसरी फॉलिक ॲसिडची. पुढच्या रमजानमध्ये मेटफॉर्मिन सहेरी आणि इफ्तारच्या जेवणाबरोबर घेण्याची डॉक्टरांनी परवानगी दिली. एका पहाटे सासूबाईंनी पाकीट पाहिले आणि त्या घाबरल्या. "या वयात शुगर? आणि हे आम्हाला सांगितलं नाही?" शुगर नाही, असे समजावता समजावता सहेरीची वेळ संपत आली. लेट्रोझोलच्या वेळी मात्र घाबरण्याची पाळी आमच्यावर आली. पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर ते स्तनाच्या कर्करोगाचे औषध असल्याचे लिहिले होते. बी.एड. झालेल्या माणसाला एक खोड असते, छापील कागद पूर्ण वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. हे औषध अंगातले इस्ट्रोजेन थोड्या काळापुरते कमी करते, त्यामुळे मेंदूखालची ग्रंथी जोर लावते आणि बीजकोश वाढतो. कर्करोगात आणि इथे काम एकच, हेतू वेगळा. आपल्या सरकारने २०११ साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती, ती २०१७ साली उठवली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर या आजारात बीज तयार होण्यासाठी हीच पहिली गोळी सांगितली आहे. म्हणजे काल जिची मनाई होती, तिची आज शिफारस आहे. माणसाचे ज्ञान असेच चाचपडत पुढे जाते, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

आता पहिला प्रश्न. खाला म्हणाल्या, "औलाद देणारा अल्लाह. गोळ्या खाऊन त्याच्यावर जबरदस्ती करता का? सब्र करा." खालांचे मन वाईट नाही. त्यांच्या म्हणण्यात एक भीती आहे आणि ती आम्हालाही आहे: औषध घेणे म्हणजे तकदीर नाकारणे तर नव्हे?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. कुरआनच्या सूरे शूरामध्ये सांगितले आहे की अल्लाह कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला काहीच नाही. पण हजरत जकरिया अलैहिस्सलाम यांची हकीकतही कुरआनातच आहे. म्हातारपण आले होते, पत्नी वांझ होती, तरी त्यांनी मागितले. मागणे सब्राच्या विरुद्ध असते तर एका पैगंबराने मागितले नसते. रसूलुल्लाह (स.) यांना बदूंनी विचारले होते की आम्ही इलाज करावा का? 'करा' असे उत्तर मिळाल्याची हदीस मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असते. उंट आधी बांधा आणि मग भरवसा ठेवा, हेही आपण सर्वांनी ऐकले आहे. खालांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला तेव्हा कोणीही त्यांना सब्र करायला सांगितले नव्हते. मग गर्भाशयाच्या बाबतीतच तवक्कुलची व्याख्या का बदलते?

पण दुसऱ्या बाजूचीही एक चूक आहे आणि ती आम्ही स्वतः केली आहे. गोळी म्हणजे हमी, असे आम्ही धरून चाललो. २०१४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा आजार असलेल्या ७५० स्त्रियांना जास्तीत जास्त पाच पाळीचक्रांपर्यंत औषध दिले. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, जुन्या क्लोमिफेन गोळीने १९.१ टक्के. म्हणजे चांगले औषध, नीट देखरेख, आणि तरीही शंभरातल्या बहात्तर जणी त्या मुदतीत रिकाम्या हातांनी राहिल्या. हे आकडे वाचले त्या दिवशी आम्हाला कळले की औषध सब्राची जागा घेत नाही. उलट ते घेणाऱ्यालाच जास्त सब्र लागतो. महिनाभर मळमळ सोसायची, ठराविक दिवशी सोनोग्राफीला जायचे, पंधरा दिवस वाट पाहायची आणि मग एका सकाळी शाळेच्या प्रसाधनगृहात सगळे संपलेले पाहून पुन्हा वर्गात जाऊन पाढे घ्यायचे. हातावर हात ठेवून बसणाऱ्याचा सब्र आम्ही कमी लेखत नाही. पण हाही सब्रच आहे, एवढे कबूल व्हावे.

दुसरा प्रश्न 'आम्ही' या शब्दाचा आहे. दवाखान्यात सगळे अनेकवचनात बोलतात. तुम्ही किती दिवस प्रयत्न करताय? तुम्हाला मूल हवंय ना? पण गोळी एकीच्याच पोटात जाते. सुई एकीलाच टोचते. पहिले आठ महिने केवळ आमच्याच तपासण्या झाल्या. यांची तपासणी सांगितली तेव्हा घरात असे काही वातावरण झाले की जणू कोणी खानदानावर आरोप केला. वास्तविक ती सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी. आणि मूल न होण्याचे कारण अनेक जोडप्यांत पुरुषाकडे किंवा दोघांकडेही असते. हे तीन आठवडे बोलले नाहीत. मग एके दिवशी स्वतःहून मिरजेला जाऊन आले. रिपोर्ट ठीक होता. पण आम्हाला त्या रिपोर्टपेक्षा त्यांचे जाणे मोलाचे वाटले. त्या दिवशी 'आम्ही' या शब्दाला अर्थ आला. न्याय म्हणजे दुःख सारखे वाटून घेणे नव्हे, ते कोणाला शक्यही नाही. पण चौकशीला सारखेच सामोरे जाणे शक्य असते. आणि ज्या घरात सुनेच्या तपासणीआधीच दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू होते, तिथे ही चौकशी होतच नाही, निकाल आधीच लागलेला असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्यात गुन्हेगार आम्हीच आहोत. दोन वर्षे आम्ही या गोळ्या व्हिटॅमिनच्या जुन्या डबीत घालून ठेवल्या. शाळेत कोणी विचारले तर "अशक्तपणा आहे" म्हणून सांगितले. वर्गात मुलांना सच्चाईचा धडा शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत डबीवर खोटे नाव लावून गोळी गिळायची. आम्ही स्वतःची समजूत घालत होतो की आपले दुःख झाकून ठेवणे हे खोटे बोलणे नव्हे. ते खरेही आहे. आपल्या देहाची गोष्ट जगाला सांगायला कोणी बांधील नाही.

मग नववीतल्या एका मुलीची गोष्ट घडली. वर्गात ती ओढणी हनुवटीपर्यंत ओढून बसायची. मुली हसायच्या. चौकशी केली तर पाळी चार महिने आली नव्हती. आम्ही तिच्या आईला शाळेत बोलावले आणि डॉक्टरकडे न्यायला सांगितले. आई म्हणाली, "आपा, कोणाला सांगू नका. दवाखान्यात कोणी पाहिलं तर उद्या स्थळ येणार नाही. लग्न झालं की सगळं सुरळीत होईल." आमच्या अम्मींचेच वाक्य, शब्दाशब्दाने.

तेव्हा आम्हाला उमगले की आपण जे झाकून ठेवले होते, ते केवळ आपले नव्हते. आमच्यासारख्या प्रत्येकीने डबीवर खोटे नाव लावले, म्हणून या आईने आयुष्यात अशी एकही बाई पाहिली नव्हती जी हा आजार असूनही नोकरी करते, संसार करते, हसते. आणखी एक गोष्ट उमगली. हा आजार फक्त मुलाच्या आड येतो असे नाही. तो पुढे मधुमेहाकडे नेऊ शकतो. वर्षानुवर्षे पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराला धोका असतो. मन खचते ते वेगळेच. पण आपल्याकडे मुलीच्या शरीराची काळजी सुरू होते ती निकाहनंतर, आणि तीही येणाऱ्या मुलासाठी. त्याआधी आणि त्यानंतर ते शरीर कोणाचेच नसते. औलाद नसती हवी, तर या गोळ्या आम्हाला कोणी घेऊ दिल्या असत्या का? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आवडत नाही, पण ते ठाऊक आहे.

हजरत आयेशा (र.) यांना मूल नव्हते. भाच्याच्या नावावरून त्यांना उम्मे अब्दुल्लाह म्हणत. दोन हजारांहून अधिक हदीसी त्यांच्याकडून आल्या, मोठमोठे सहाबा त्यांना मसले विचारायला येत, आणि सारी उम्मत त्यांना मा म्हणते. दर मिलादला आपण हे अभिमानाने सांगतो. मग आपल्याच गल्लीतल्या बिनमुलाच्या बाईला बारशाच्या, अकिक्याच्या दिवशी मागच्या रांगेत का बसवतो?

त्या आईला आम्ही पर्समधली डबी काढून दाखवली. म्हटले, "या गोळ्या मी घेते. हाच आजार आहे मला. तिच्या वयात कोणी नेलं असतं तर बरं झालं असतं." ती बराच वेळ डबीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्हालाही, आपा?" पुढच्या सोमवारी ती मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

आमचे स्वतःचे काय झाले, असे वाचक विचारतील. अजून काही झालेले नाही. गोळ्या चालू आहेत, दुआ चालू आहे. आणखी किती महिने, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे, आणि थांबायची वेळ आली तर थांबणे म्हणजेही हार नव्हे, हेही ठरवले आहे. मेटफॉर्मिन मात्र डॉक्टर सांगतील तोवर घेऊ, कारण ती आमच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही आहे.

व्हिटॅमिनची डबी आम्ही टाकून दिली. गोळ्यांची पाकिटे आता स्वयंपाकघरातल्या फळीवर, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी असतात. परवा पहाटे आम्ही विसरलो, तर सासूबाईंनीच हाक मारून आठवण केली.