मुलांना न दिलेली भाषा

चिलीच्या अगदी दक्षिण टोकाला नावारिनो नावाचे बेट आहे. तिथल्या विया उकिका या लहानशा वस्तीत राहणाऱ्या क्रिस्तिना काल्देरोन १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी वारल्या. यागान ही जन्मभाषा असलेल्या त्या शेवटच्या. मागे मुले होती, नातवंडे होती. मग नांदत्या घरात भाषा संपली कशी?

आईला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हा शिक्षकांची तर ती खोडच. दुसऱ्या माध्यमाच्या शाळेसाठी दाखला न्यायला आलेले पालक माझ्यासमोर अवघडून बसतात, तेव्हा मी त्यांना बोललो आहे. यागानांची हकीकत वाचल्यापासून ते बोलणे आठवले की बरे वाटत नाही.

डार्विन १८३२ साली त्या मुलखात उतरला. तिथल्या माणसांचे बोलणे ऐकून, याला स्पष्ट उच्चारांची भाषा म्हणणे कठीण, असे त्याने लिहून ठेवले. पुढे टॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने एकट्या यागान भाषेचे सुमारे ३२ हजार शब्द जमवले! पण शब्द वहीत उतरत होते आणि माणसे गोवरासारख्या साथींत मरत होती. उरलेल्यांच्या किनाऱ्यांवर गोरे वसाहतवाले आले. यागान बोलणाऱ्याला हसणे सुरू झाले, आणि पोरे स्पॅनिश बोलू लागली.

आपल्या लेकराला कोणी हसू नये म्हणून ओठावरचा शब्द गिळणाऱ्या आईला अपराधी म्हणायचे का? माझे मन घेत नाही. हसणारे नामानिराळे राहतात आणि जाब मात्र तिला विचारला जातो. तरी एक गोष्ट टोचत राहते. मुलाची लाज वाचवताना नातवाच्या वाट्याचेही आपणच ठरवून टाकतो, आणि तो तर अजून जन्मलेलाही नसतो.

क्रिस्तिनाबाईंची बहीण उर्सुला २००३ मध्ये गेली. नात्यातल्या एमेलिंदा आकुन्या २००५ मध्ये गेल्या. ब्रिजेसचे हस्तलिखित लंडनच्या ग्रंथालयात सुखरूप होते. पण बाईंनी यागानमध्ये काही विचारले, तर सहज उत्तर देईल असे माणूस बेटावर उरले नव्हते. त्या लव्हाळ्याच्या टोपल्या विणत. नात क्रिस्तिना सारागा जवळ बसून आजीच्या गोष्टी आणि शब्द उतरवून घेई. त्यांचे पुस्तकही झाले. आईने मुलांना जे दिले नव्हते, ते नातीने मागून घेतले, जेवढे हाती लागले तेवढे.